एमएच पासिंगची गाडी आता कायमची बडोद्यात: नंबर बदलू की नुसती प्लेट? (आणि सासऱ्यांच्या स्कूटरचा नंबर)

सुमेधा_गोत्री
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय कारण तीन गोष्टी एकात एक अडकल्यात. आम्ही पुण्याहून बडोद्याला आलो, नवऱ्याचं घर इथलंच, दांडिया बाजारातलं, आता दोघांच्या नोकऱ्याही इथेच आहेत आणि परत जायचा विचार नाही. गाडी एमएच १४ पासिंगची, पेट्रोल, २०१७ ची. लोन फिटलंय, पण आरसीवर बँकेचं नाव अजून तसंच आहे. त्यात परवा पार्किंगमध्ये कुणीतरी पुढून ठोकली आणि पुढची नंबर प्लेट अर्धी तुटली. जुनी साधी प्लेट आहे, ती नवी होलोग्रामवाली नाही. रावपुऱ्यात एका रेडियमवाल्याला विचारलं तर म्हणाला बेन, आयएनडी लिहिलेली सेम टू सेम बनवून देतो, अर्ध्या तासात.

दुसरं म्हणजे गाडी जीजे ०६ करायचीच असेल तर नेमकं काय काय करावं लागतं? एजंट लोक प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतात.

तिसरं सासऱ्यांचं. त्यांची स्कूटर आहे १९७३ ची, जुना तीन अक्षरी नंबर, अजून चालू आहे. आता त्यांच्यासाठी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचीय आणि त्यांची एकच अट आहे की नंबर तोच हवा. ऐंशीच्या घरातल्या माणसाची इच्छा आहे, ती मला पुरी करायचीय, मार्ग असला तर सांगा.

वाडी_रंगमहाल
ताई नंबर बदलायच्या भानगडीत कशाला पडताय, माझ्या मावसभावाची एमएच ०४ गाडी किती वर्षं इथे फिरतेय, कोणी विचारत नाही. आरसी पूर्ण भारतात चालते.

काळाघोडा
वाडीभाऊ, आरसी पूर्ण भारतात चालते हे बरोबर, मोटार वाहन कायद्याचं कलम ४६ तेच सांगतं. पण लगेच पुढचं ४७ आहे ना. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यायला अर्ज करावाच लागतो. फिरायला आलेली गाडी वेगळी आणि राहायला आलेली वेगळी, सुमेधाताईंची राहायला आलेली आहे.

आता क्रमाने लिहितो. मी गाड्यांच्या कागदपत्रांच्या कामात बरीच वर्षं होतो, आता सोडलंय, त्यामुळे कोणाची एजंटगिरी करत नाही.

आधी ती प्लेट. रेडियमवाल्याकडून आयएनडी लिहिलेली करून घेऊ नका, कृपा करून. खऱ्या एचएसआरपीवर, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवर, नुसतं आयएनडी नसतं. ॲल्युमिनियमची प्लेट, डाव्या कोपऱ्यात वर २० बाय २० मिलिमीटरचा क्रोमियमचा अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला किमान दहा अक्षरांचा कायमचा नंबर, अक्षरांवर तिरकं इंडिया छापलेली फिल्म, आणि मागे एकदाच बसणारं स्नॅप लॉक जे काढायचं तर तोडावंच लागतं. तो लेझर नंबर सरकारच्या ‘वाहन’ नावाच्या ऑनलाइन रेकॉर्डला तुमच्या गाडीशी जोडलेला असतो, खरी किंमत त्याची आहे. नकली प्लेटवर तो नसतोच, किंवा असला तर खोटा असतो. म्हणजे उद्या कुठे तपासणी झाली तर बिनप्लेटच्या गाडीपेक्षा वाईट, कारण आता ती बनावट प्लेट झाली.

१ एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना एचएसआरपी शोरूममधूनच येते. त्याआधीच्या गाड्यांना गुजरातेत २०१८-१९ च्या सुमारास बसवून घ्यायला लावल्या, मुदत परत परत वाढवत. महाराष्ट्रात हे काम २०२५ मध्ये जोरात सुरू झालं आणि तिथेही मुदत मार्च, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, डिसेंबर अशी सरकत गेली. तुमची गाडी महाराष्ट्राच्या रेकॉर्डला आहे म्हणून तिला एमएचची एचएसआरपी तिथल्याच व्यवस्थेतून मिळणार, बडोद्यातला कोणी देऊ शकत नाही. चारचाकीचे ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये १० पैसे. दुचाकीचे ४५० अधिक जीएसटी, ५३१. महाराष्ट्र परिवहन विभागाच्या साइटवरूनच आत शिरून बुक करा, कारण गुगलवर शोधलं की हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटी वर येतात नि पैसे घेऊन गायब होतात. फिटमेंट सेंटर आणि तारीख निवडायची, आरसीचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर लागतो, गाडी घेऊन जायचं. पुण्याला जाणं होत असेल तेव्हाची तारीख घ्या.

सुमेधा_गोत्री
काका खूप खूप धन्यवाद, एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं. पण मग जर गाडी जीजे करायचीच आहे तर आधी एमएचची एचएसआरपी कशाला, पैसे दोनदा नाही का जाणार?

काळाघोडा
जातील, पण नऊशे रुपयांच्या आतला प्रश्न आहे. महाराष्ट्राने एचएसआरपी नसलेल्या गाड्यांची आरटीओतली कामं, म्हणजे मालकी बदल, पत्ता बदल, बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) चढवणं उतरवणं, अडवून धरायला सुरुवात केली. तुम्हाला बोजा उतरवायचाच आहे, बँकेचं नाव आरसीवर आहे म्हणालात ना. तो उतरल्याशिवाय एनओसीला, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायच्या ना-हरकत दाखल्याला, अडचण. म्हणून एचएसआरपी करा, मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लावून बोजा उतरवा, मग फॉर्म २८ वर दुसऱ्या राज्यासाठीची एनओसी मागा. या क्रमाने गेलात तर मध्ये कुठे अडकत नाही. उलट्या क्रमाने गेलेली माणसं फायली हातात घेऊन हिंडताना मी पाहिलीत.

एनओसीला लागतं ते: फॉर्म २८ च्या प्रती, त्यावर चेसिस नंबरचं पेन्सिलने घासून काढलेलं ट्रेसिंग, आरसी, चालू इन्शुरन्स, चालू पीयूसी, पत्त्याचा पुरावा, आणि गाडीवरचे सगळे ई-चलान भरलेले. चलान आधी बघा. पुण्यातलं विसरलेलं नो पार्किंगचं चलान फाइल थांबवतं.

इथे आल्यावर दर्जीपुऱ्याच्या आरटीओत फॉर्म २७, म्हणजे नव्या नंबरासाठीचा अर्ज, सोबत पत्ता बदलाचा फॉर्म ३३, महाराष्ट्राची एनओसी, इथल्या पत्त्याचा पुरावा, आणि गाडी स्वतः दाखवायला न्यायची. इथला टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे घसारा धरून लागतो, नव्या गाडीइतका नाही. तो आकडा परिवहनच्या साइटवर निघतो, एजंटाच्या तोंडच्या आकड्यावर जाऊ नका.

निशा_अलकापुरी
महाराष्ट्रात भरलेला टॅक्स परत मिळतो हेही लिहा ना काका, लोकांना माहितीच नसतं! महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीसपर्यंत १२, वर १३ असा एकरकमी टॅक्स असतो, तो १५ वर्षांचा धरलेला असतो, गाडी आधीच बाहेरच्या राज्यात गेली की उरलेल्या काळाचा हिस्सा मागता येतो. नवी जीजेची आरसी आणि इथे टॅक्स भरल्याची पावती घेऊन जुन्या आरटीओत अर्ज करायचा. वेळ लागतो, चिकाटी लागते, पण आपले पैसे आहेत ते, सोडायचे कशाला.

काळाघोडा
निशाबेन अगदी बरोबर. आणि इथल्या टॅक्सची ओरिजिनल पावती जपून ठेवा, झेरॉक्सवर रिफंड होत नाही.

रिफायनरीवाला
आमच्या कोयलीच्या कॉलनीत बऱ्याच गाड्यांना बीएच म्हणजे भारत सिरीजचे नंबर आहेत, राज्य बदललं तरी तोच चालतो, सुमेधाताई तुमच्या मिस्टरांची कंपनी चारपेक्षा कमी राज्यांत असेल तर सोडा, पण चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असतील तर हा विचार करा. केंद्र-राज्य सरकारी, डिफेन्स, पीएसयूवाल्यांना तर मिळतंच, खासगी नोकरीवाल्यांना कंपनीकडून फॉर्म ६० वर सर्टिफिकेट लागतं. २०२१ च्या सप्टेंबरपासून सुरू झालं, आधी फक्त नव्या गाडीला होतं, २०२२ च्या शेवटी नियम बदलून जुनी गाडीही बीएचमध्ये नेता येऊ लागली. नंबर असा, वर्षाचे दोन आकडे, बीएच, चार आकडे आणि शेवटी अक्षरं, त्यात आय आणि ओ नसतात कारण एक आणि शून्याशी गोंधळ होतो. टॅक्स दोन दोन वर्षांचा भरायचा, दहा लाखांच्या आतल्या गाडीला ८ टक्के, वीसपर्यंत १०, वर १२ या दराच्या हिशेबाने, डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन टक्के कमी. माझी बदली बडोदा, पानिपत, परत बडोदा अशी झाली, दर वेळी एनओसीची धावपळ करायची म्हणजे कुटुंबाचे हाल, बीएचने ते संपलं. फक्त नंबर कॉम्प्युटर देतो, पसंतीचा मिळत नाही.

सुमेधा_गोत्री
आमची बदली होणार नाही म्हणून बहुतेक जीजेच करू. पण माहिती कामाची, नणंदेच्या नवऱ्याला पाठवते, तो रेल्वेत आहे.

मांजलपूरकर
या धाग्यावर माझा पण प्रश्न टाकतो, चालेल ना? मला ई-मेमो (ई-चलानच ते) आला, नंबर माझ्या गाडीचा, पण ठिकाण सुरत आणि मी त्या दिवशी बडोद्यात ऑफिसात. फोटो उघडला तर रंग वेगळा, मॉडेल वेगळं, प्लेट साधी रेडियमची. म्हणजे माझा नंबर कोणीतरी लावून फिरतोय. झोप उडालीये, उद्या त्या गाडीने काही गुन्हा केला तर?

काळाघोडा
घाबरू नका पण एक दिवसही थांबू नका. ई-मेमोच्या फोटोचा प्रिंट काढा, स्वतःच्या गाडीचे पुढून मागून फोटो, एचएसआरपीचा लेझर नंबर दिसेल असा जवळून फोटो, आरसी, त्या दिवशीची ऑफिसची हजेरी, हे सगळं लावून जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली प्रत घ्या. ई-चलानच्या साइटवर तक्रारीची सोय आहे, तिथेही तेच टाका. मेमो भरून विषय मिटवू नका, भरला म्हणजे ती गाडी तुमची हे मान्य केल्यासारखं होतं. गुजरातभर पोलिसांच्या विश्वास प्रोजेक्टचे कॅमेरे आहेत, जिल्ह्याजिल्ह्यात ते बघणारी नेत्रम नावाची कंट्रोल रूम आहे, तुमचा लेखी अर्ज असला तर ती दुसरी गाडी शोधायला त्याच कॅमेऱ्यांचा उपयोग होतो.

आणि हेच कारण आहे की मी वर रेडियमच्या प्लेटबद्दल एवढं लावून धरलं. आमच्या वाघोडिया रोडच्या सोसायटीतल्या एका वहिनींना सकाळी चालताना गाडीने उडवलं. बघणारे चार जण होते, पण प्लेटवर आकडे असे वेडेवाकडे रंगवलेले की कोणालाच नंबर सांगता आला नाही. गाडी सापडली नाही. वहिनी आज काठी घेऊन चालतात. प्लेट ही दुसऱ्याने आपल्याला ओळखावं म्हणून असते, आपली हौस म्हणून नाही, हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो.

दांडियाबाजार_जुना
काका वाचून वाईट वाटलं. खरंच आहे. मी रेडियमचं दुकान चालवतो, माझ्याकडे पोरं येतात, ८०५५ चं बॉस करून द्या, ४१४१ चं पापा, २१४ चं राम. आता सरळ नाही म्हणतो. नियमात मोजमाप ठरलेलं आहे, चारचाकीला अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १०, मधली जागा १०. मोटरसायकलला मागे ३५ उंची, ७ जाडी, ५ जागा. अक्षरं इंग्रजीच आणि आकडे पण इंग्रजीच लागतात, मराठी किंवा गुजराती आकडे चालत नाहीत. लोक म्हणतात आपल्या भाषेत का नको, मलाही मनातून वाटतं, पण कॅमेरा नि शेजारच्या राज्यातला हवालदार दोघांनाही वाचता यायला हवं. प्लेटवर प्रेस, पोलीस, जातीचं नाव, महाराजांचं चित्र, काहीच चालत नाही. हौस असेल तर मागच्या बंपरवर किंवा पेट्रोलच्या टाकीवर करा, मी छान करून देतो.

सायली_बे_एरिया
मी मूळची बडोद्याचीच, प्रतापनगरची. इकडे कॅलिफोर्नियात सात अक्षरांपर्यंत हवं ते मागता येतं, वर्षाला जादा फी भरायची, मराठी लोकांच्या गाड्यांवर गणपती, विठू, आईचं नाव असं सगळं दिसतं आणि फार बरं वाटतं. भारतात असं का नाही?

काळाघोडा
कारण आपल्याकडे नंबरातच राज्य, आरटीओ आणि सिरीज भरलेली असते. १ जुलै १९८९ ला नवा कायदा लागू झाला तेव्हापासून ही पद्धत, जीजे म्हणजे राज्य, ०६ म्हणजे बडोदा. अक्षरं आपल्या हातात नाहीत. आपल्या हातात फक्त शेवटचे चार आकडे, आणि ते पसंदगी नंबराच्या लिलावातून.

त्या लिलावाचीही काय गंमत, चंडीगडला २०२२ मध्ये एकाने ७१ हजारांच्या ॲक्टिव्हासाठी ०००१ नंबर १५ लाख ४४ हजारांना घेतला. केरळात २०२५ च्या एप्रिलमध्ये ०००७ नंबर ४५ लाख ९९ हजारांना गेला. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी चारचाकीच्या ०००१ ची फी सहा लाख केली. पण हे ठरावीक मोठ्या नंबरांचं झालं. सुमेधाताईंच्या सासऱ्यांना हवा तो नंबर तसल्या यादीत बहुतेक नसेल, त्यामुळे खर्च आवाक्यातला.

ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. स्कूटरचा तीन अक्षरी नंबर जसाच्या तसा नव्या गाडीला मिळणार नाही, ती जुन्या कायद्याची सिरीज आहे. गुजरातेत जुन्या गाडीचा नंबर नव्या गाडीवर ठेवायची रिटेन्शनची सोय आता आहे, पण मालक तोच आणि वाहनाचा प्रकार तोच लागतो, आणि जुन्या गाडीला मग दुसरा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे सासऱ्यांच्या स्कूटरवरून तो नंबर जाईल. मला वाटतं त्यांना ते नको असेल.

सुमेधा_गोत्री
अजिबात नको. ती स्कूटर घरातल्या माणसासारखी आहे. रोज सकाळी पुसतात. बाबांना आत्ताच विचारलं, म्हणाले चार आकडे तेच मिळाले तरी समाधान.

काळाघोडा
मग सोपं झालं. तेच चार आकडे चालू सिरीजमध्ये मागा. परिवहनच्या फॅन्सी नंबरच्या साइटवर खातं उघडायचं, बडोदा आरटीओ निवडायचं, दुचाकीची चालू सिरीज किंवा नवी सिरीज उघडणार असेल तर ती. नवी सिरीज उघडताना आरटीओ पेपरात देते, तेव्हा नंबर मोकळा मिळायची शक्यता जास्त. गाडी घेतल्यापासून सात दिवसांत सीएनए फॉर्म, म्हणजे पसंतीच्या नंबराचा अर्ज, भरायचा असतो, हे महत्त्वाचं, लोक इथे चुकतात. मग ऑनलाइन बोली. दुसरा कोणी त्याच नंबरावर नसला तर मूळ फीमध्येच मिळतो. जिंकल्यावर उरलेली रक्कम पाच दिवसांत भरायची, नाहीतर नंबरही जातो आणि भरलेले पैसेही. नाही मिळाला तर पैसे त्याच खात्यात परत येतात. शोरूमवाल्याला आधीच सांगून ठेवा की नंबर पसंतीचा घेणार आहोत, नाहीतर तो घाईने साधा नंबर पाडून टाकेल.

निशा_अलकापुरी
आणि त्या १९७३ च्या स्कूटरचं विंटेजमध्ये करा ना! पन्नास वर्षं झाली की दुचाकी पण बसते, २०२१ चा नियम आहे. आधीच रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, व्हीए सिरीज नव्याने रजिस्टर होणाऱ्यांना. नव्या नोंदणीला २० हजार फी, परत नोंदणीला ५ हजार, दहा वर्षं चालते. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला विंटेज गाड्यांचा मोठा मेळा भरला होता, बाबांना नेलं असतं तर किती खूश झाले असते.

रिफायनरीवाला
निशाताई, विंटेज गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांनाच रस्त्यावर आणता येते. बाबा रोज मंडईत जात असतील तर साधं रिन्यूअलच बरं. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलची रिन्यूअल फी २०२५ पासून दोन हजार झालीये, पाच वर्षांनी परत.

सुमेधा_गोत्री
बाबा खंडेराव मार्केटला अजून स्वतः जातात भाजी आणायला, म्हणून साधं रिन्यूअलच. ठरलं मग, पुण्याला एचएसआरपी, बोजा, एनओसी, मग दर्जीपुरा. अजून एकच, गाडीचा नंबर बदलला की फास्टॅग आणि इन्शुरन्सचं काय?

काळाघोडा
नवी आरसी हातात आली की पहिल्यांदा इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या, एंडॉर्समेंट म्हणतात. क्लेमच्या वेळी पॉलिसीवर एमएच आणि गाडीवर जीजे असं असलं की खूप त्रास होतो. पीयूसी नव्या नंबराने परत काढा. फास्टॅग गाडीच्या नंबराशी आणि चेसिसशी जोडलेला असतो, बँकेला सांगून नवा नंबर अपडेट करून घ्या किंवा जुना बंद करून नवा घ्या, हे झाल्याशिवाय कर्जनच्या टोलकडे गाडी काढू नका. पुढच्या काचेवर तिसरी प्लेट म्हणून असतो तो स्टिकरही नवा येतो, पेट्रोलचा फिकट निळा, तो आतून लावतात, जुना एमएचचा खरवडून काढा. आणि जुन्या प्लेटा नवी बसवणाऱ्यासमोरच तोडून घ्या, शाबूत असलेली प्लेट भंगारात टाकू नका, मांजलपूरकरांचं वाचलंतच.

मांजलपूरकर
अर्ज दिला काका, शिक्क्याची प्रत मिळाली. साइटवर पण टाकलं. एक विचारायचं होतं, पुढे माझी प्लेट खरंच चोरीला गेली तर काय करायचं? आमच्या पार्किंगमध्ये दोघांच्या गेल्यात.

काळाघोडा
प्लेट चोरीला गेली तर आधी पोलीस तक्रार, तिच्या प्रतीशिवाय बदली प्लेट मिळत नाही. तुटली किंवा वाकली असेल तर तो तुकडा जमा करावा लागतो. एकच गेली असेल तर फक्त पुढची किंवा फक्त मागची मागवता येते. नव्या प्लेटला नवा लेझर नंबर येतो आणि तो रेकॉर्डला चढतो, चढला का ते बसवून झाल्यावर तिथेच उभं राहून बघा.

सुमेधा_गोत्री
बाबांची इलेक्ट्रिक स्कूटर बुक केली आत्ता! शोरूमला नंबराचं सांगितलंय. ते विचारतायत हिरव्या प्लेटवर आकडे कुठल्या रंगाचे येतील, त्यांना पांढरेच हवेत.

काळाघोडा
खासगी इलेक्ट्रिकला हिरव्यावर पांढरेच येतात, पिवळे येतात ते भाड्याच्या गाड्यांना. बाबांना सांगा पांढरे पक्के. डिलिव्हरी मिळाली की त्याच संध्याकाळी सीएनए भरून टाका.